काटेवाल्याने दिलेल्या दोन बिया

९ मार्च
मागच्या अंगणातली पत्र्याची शेड अखेर पाडली. पत्रे आणि लोखंडी खांब भंगारात द्यायचे म्हणून टेम्पोत घालून मी आणि सून गावाबाहेरच्या वजनकाट्यावर गेलो. ट्रक उभे करून वजन करतात तो मोठा काटा. तिथल्या काटेवाल्याच्या केबिनमध्ये एक फोटो लावलाय. एक प्रचंड केशरी वस्तू, एका बाजूला कललेली, आणि तिच्यामागून डोकावणारं काटेवाल्याचं डोकं. मला वाटलं फुगाच आहे.

"भोपळा आहे," तो म्हणाला. "दोनशे बारा किलो. माझ्या परसातला."

सून फिसकन हसली. तो रागावला नाही. ड्रॉवरमधून वजनाच्या पावतीत गुंडाळलेल्या दोन बिया काढून त्याने माझ्या हातावर ठेवल्या. अंगठ्याच्या पेराएवढी एकेक बी. "शेड पाडलीत म्हणजे जागा झालीच आहे. लावून बघा. फक्त नोंद ठेवा."

नोंद ठेवायला मला कोणी शिकवायला नको. एकतीस वर्षं प्रसूती वॉर्डात सिस्टर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गल्लीत अजून मला सिस्टरच म्हणतात. सुनेने कपाटातून ही कोरी वही शोधून दिली.

११ मार्च
काटेवाल्याने सांगितल्याप्रमाणे बियांच्या कडा नखाच्या कानशीने घासल्या, कोमट पाण्यात भिजवल्या आणि ओल्या कागदात गुंडाळून फ्रीजच्या मागच्या उबेला ठेवल्या. सून म्हणाली, "आई, तुमच्या बाळंतिणी तरी इतक्या लाडात होत्या का?"

घरात आम्ही दोघीच. मुलगा सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेला. रीतसर घटस्फोटही झाला. तेव्हा सुनेला मी जाऊ दिलं नाही. माहेरी कोणी उरलेलं नाही, गेली कुठे असती बिचारी? माझा आधार आहे तिला. दातांच्या कवळ्या बनवतात त्या लॅबमध्ये ती काम करते. सकाळी नऊला जाते, सहाला येते.

१६ मार्च
एकीला मोड आला. दुसरी कुजली.

८ एप्रिल
रोप जमिनीत लावलं. त्याआधी तीन आठवडे खड्डा चालला होता. गुडघाभर खोल खणून शेणखत, पालापाचोळ्याचं खत, थोडी वाळू असं सगळं भरलं. म्हणजे खणलं सुनेने. मी खुर्चीवर बसून सांगत होते. दोनदा भोवळ आली म्हणून तिने मला खोरं धरू दिलं नाही. उगाच जास्त काळजी करते. शुगर जरा खाली आली होती, इतकंच.

खड्डा कसा झालाय ते बघायला काटेवाला सायकलवरून आला होता. मुठीत माती दाबून म्हणाला, "झकास." मग सुनेच्या हाताला आलेले फोड बघून म्हणाला, "हातमोजे नव्हते का?" दुसऱ्या दिवशी दोन जोड आणून दिले. दोन्ही तिच्या मापाचे निघाले. पुरुषांना मापं कळत नाहीत.

३० एप्रिल
वेल दिवसाला हातभर वाढतोय. मी डोळ्यांनी पाहतेय म्हणून लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसला नसता. मुख्य वेल सरळ पुढे न्यायचा, फाटे दोन्ही बाजूंना, आणि फाट्यांना फुटलेले फाटे खुडून टाकायचे. पेरापेरावर माती टाकली की तिथे नवी मुळं धरतात. काटेवाला दर रविवारी येतो. एकदा आला की तीन तास हलत नाही. सुनेलाही आता यातलं बरंच कळायला लागलंय. फाटे खुडायचं काम त्या दोघांवर सोपवून मी आडवी होते.

१७ मे
आज पहाटे फलन केलं. मादी फुलाच्या खाली आधीपासूनच इवलासा पिवळा भोपळा असतो. तिची कळी काल संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवली होती, म्हणजे मधमाशी आधी पोचू नये. उजाडताना नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि आतला पराग मादीच्या मध्यावर हलक्या हाताने फिरवायचा. काटेवाला म्हणाला, "सिस्टर, हे तुम्हीच करा." मला हसू आलं. सगळा जन्म प्रसूती वॉर्डात काढला, पण हा भाग पाहायची वेळ कधी आली नव्हती. आमच्याकडे बायका थेट शेवटच्या अंकाला यायच्या.

माझा हात कापत होता, म्हणून सुनेने मनगट धरलं. तिचाही हात कापतोय हे बघून काटेवाल्याने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला आणि तिचा हात धरला. एका फुलासाठी तीन माणसं! पण नीट झालं.

२६ मे
तीन फळं धरली होती. वेलावर एकच ठेवायचं असतं, नाहीतर सगळी मध्यम होतात. दोन नारळाएवढी झाली होती. चाकू हातात घेऊन मी दहा मिनिटं उभी राहिले. भोपळाच तो, कळतंय मला. शेवटी कापली. सुनेने ती दोन्ही स्वयंपाकघरात नेली आणि त्यांचं काय केलं ते मी विचारलं नाही.

४ जून
आजपासून मापं. फळाचा घेर, मग जमिनीपासून वरून पलीकडच्या जमिनीपर्यंत, एकदा लांबीला आणि एकदा रुंदीला. तिन्हीची बेरीज करून काटेवाल्याकडच्या तक्त्यात बघितलं की वजनाचा अंदाज येतो. बारा किलो.

टेप दोन्ही बाजूंनी धरायला दोघं लागतात. मला मोतीबिंदूमुळे आकडे दिसत नाहीत, म्हणून सून आणि काटेवाला माप घेतात आणि मी लिहून घेते. आज मधूनच सून त्याला म्हणाली, "अरे, घट्ट धर ना!" मी चमकले. चाळिशीच्या, परक्या माणसाला अरे-तुरे? तो गेल्यावर मी तिला समज दिली. म्हटलं, आपल्यावर उपकार करतोय तो. ती खाली मान घालून म्हणाली, "चुकलं, आई." पोर गुणी आहे. सांगितलं की ऐकते.

१८ जून
साठ किलो! चौदा दिवसांत अठ्ठेचाळीस किलो. फळावर जुनी चादर बांधून सावली केलीय, खाली वाळूचा थर आहे.

काटेवाला आता मधल्या वारीही येतो. बुधवारी आला, शुक्रवारी आला. भोपळ्याचा एवढा लळा लागलेला माणूस मी पाहिला नाही. बिचाऱ्याचं लग्न झालेलं नाही. आजारी वडिलांचं करण्यातच वय गेलं, आणि दोन वर्षांपूर्वी तेही गेले. म्हणूनच जीव लावत असेल. आमचा बिघडलेला मिक्सरही दुरुस्त करून दिला.

कोपऱ्यावरची शिंपीणबाई ब्लाउज द्यायला आली होती. अंगणाकडे बघत म्हणाली, "सिस्टर, मशागत चांगली चाललीय हो तुमच्याकडे." म्हटलं, चाललीच आहे, साठ किलो झाला. तर तोंडाला पदर लावून हसत सुटली. तिला भोपळ्यातलं काय कळतं?

२ जुलै
एकशे सात किलो. काटेवाला आला नाही. मापं सुनेने एकटीनेच घेतली, टेपचं एक टोक विटेखाली दाबून. मी विचारलं, "याला काय झालं आज?" म्हणाली, "काम असेल." मागच्या बुधवारीही आला नव्हता. सुनेचं डोकं दुखतंय म्हणते. जेवली नाही नीट.

११ जुलै, मंगळवार
आज दुपारी एक वाजता काटेवाला आला. सून लॅबमध्ये असते हे त्याला पक्कं माहीत आहे. बागेकडे गेलासुद्धा नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "सिस्टर, माझी बंदरावरच्या नव्या काट्यावर बदली झालीय. राहायला घर देणार आहेत. एकट्याचं हवं की दोघांचं, ते शनिवारपर्यंत कळवायचंय." आणि एक पाकीट पुढे केलं. "हे तिला द्याल का? आठ दिवस ती माझा फोन घेत नाहीये. म्हणाली, आईंना सोडून यायचं असेल तर मला काही विचारू नकोस. पण मी एकदा विचारलंच पाहिजे."

मी पाकीट घेतलं. पाणी विचारायचंही सुचलं नाही. तो गेल्यावर कितीतरी वेळ चपलांच्या रॅकजवळ उभी होते. साडेतीन महिने माझ्या नाकासमोर चाललं होतं. हातमोजे. टॉर्च. मिक्सर. आणि मी वहीत घेर लिहीत होते.

बंदर इथून रेल्वेने नऊ तासांवर आहे.

१२ जुलै
सून दमून आली होती. पाकीट द्यायचं राहिलं.

१३ जुलै
विसरले.

१४ जुलै
विसरले नाही. खताच्या डब्यांमागे ठेवलंय. रात्री मला पायात गोळे आले की तीच उठते. इन्सुलिनच्या सिरिंजवरचे आकडे तीच बघते. ती गेली तर, एवढंच वाक्य मनात येतं आणि पुढचं येत नाही.

पण तिकडे जाऊन तरी काय होणार आहे तिचं? नवा माणूस, नवं गाव. एकदा पोळलीय ती. मी तिच्याच भल्याचा विचार करतेय.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. खोडत नाही, राहू दे.

१५ जुलै, शनिवार
दोन दिवस पाऊस लागला होता. सकाळी बघते तर भोपळ्याला देठाजवळ बोटभर लांब चीर! पाणी जास्त शोषलं गेलं की साल फाटते. आरपार गेली की संपलं, पोकळीपर्यंत फाटलेलं फळ ऑगस्टमधल्या वजनाच्या स्पर्धेत घेत नाहीत, आणि काटेवाल्याने तिथे आमचं नाव घातलंय. सून लॅबमध्ये होती. मी काटेवाल्याला फोन केला. दुसरं कोण होतं?

अर्ध्या तासात आला. चिरेत काडी घालून खोली बघितली, कोरड्या फडक्याने टिपलं, गंधकाची पूड भरली, टेबलफॅन आणायला लावून वारा तिकडे सोडला. "वरवरची आहे. वाचेल." हात धुताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "काही म्हणाली का ती?"

"काही म्हणाली नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. टॉवेल दांडीवर नीट, चारी टोकं जुळवून वाळत घातला आणि गेला.

१६ जुलै, रविवार
वॉर्डात चुकीचं औषध दिलं गेलं की लाल शाईने नोंद करावी लागे. किती वाजता, काय दिलं, कोणी दिलं. कारण लिहायला रकानाच नसायचा. म्हणून इथेही लिहीत नाही. मंगळवारी दुपारी एकला पाकीट मिळालं. दिलं नाही. शनिवारी सकाळी अकराला, दिलंय असं भासवलं. मी.

सून वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होती. पाकीट तिच्या हातात दिलं. तिने उभ्या उभ्याच वाचलं. एकच पान होतं.

"कधी आलं हे?"

"मंगळवारी. मी उघडलं नाही."

"त्याबद्दल आभार मानू का तुमचे?"

सहा वर्षांत ती माझ्याशी असं बोलली नव्हती. मग मी काल काय बोलले तेही सांगितलं. ती ओला टॉवेल हातात धरून उभी राहिली. पाणी तिच्या पावलांवर गळत होतं.

"आई, मी नाहीच म्हणणार होते," ती म्हणाली. "पण ते मी म्हणायचं होतं."

मग फरक काय पडला, असं माझ्या ओठांवर आलं होतं. नशीब, गिळलं.

१९ जुलै
बोलत नाही. काम एकही चुकवत नाही. सकाळी ओट्यावर चिठ्ठी असते, 'शुगर बघा', 'औषध डावीकडच्या डबीत', 'स्टुलावर चढू नका'. आज मीच विषय काढला. म्हटलं, तुला त्या वेळी आधार दिला म्हणून तू स्वतःला बांधून घेतलंस का गं?

तिला खरंच आश्चर्य वाटलं असावं. "आई, तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं त्या महिन्यात. तुम्हाला उठता येत नव्हतं. मी पंधरा दिवसांसाठी थांबले होते. लॅबजवळ खोलीसुद्धा बघून ठेवली होती."

हे मला आठवत नव्हतं. आता आठवतंय. खोलीच्या मालकाचा फोन यायचा आणि ती हळू आवाजात सांगायची, अजून थोडे दिवस. मी तेव्हा पलंगावर पडून ऐकायचे आणि कोणाचा फोन म्हणून विचारायचे नाही.

२० जुलै, गुरुवार
बसने वजनकाट्यावर गेले. एकटीने, सहा वर्षांत पहिल्यांदा. समोर ट्रक नव्हता, म्हणून काट्यावरूनच चालत केबिनकडे गेले. काटेवाला खिडकीतून ओरडला, "सिस्टर, बाजूने या!" तोवर काट्याच्या मोठ्या पाटीवर आकडा उमटला होता, साठ. मी म्हटलं, "माझं वजन चौसष्ट आहे." म्हणाला, "हा काटा वीस-वीसनेच मोजतो. माणसांसाठी नाही."

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. "तिने रविवारपर्यंत पत्र पाहिलंच नव्हतं. मी दिलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले." त्याला अरे-तुरे करतेय हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तेवढ्यात एक ट्रक आला, त्याने वजन केलं, पावती फाडून दिली, ट्रक गेला. मग म्हणाला, "मी एकट्याचं घर म्हणून कळवून टाकलं."

"मग परत कळव."

"तिला विचारल्याशिवाय?"

"रविवारी ये आणि विचार. भोपळ्याचं माप घ्यायला म्हणून येऊ नकोस. तिला विचारायला म्हणून ये."

रागावला असावा, आणि हक्कच आहे त्याचा. तरी बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. सायकल हातात धरून, माझ्या चालीने.

२३ जुलै, रविवार
आला. नवा शर्ट, घडीच्या खुणांसकट. मी आत निघाले तर सून म्हणाली, "आई, बसा. तुमच्या पाठीमागे आता काही नको." म्हणून मीही बसले. तिघंही भोपळ्याभोवतीच्या खुर्च्यांवर, आजारी माणसाला भेटायला आल्यासारखे.

त्याने विचारलं. अगदी साधं विचारलं, ते इथे लिहीत नाही. सून रडली. मग म्हणाली, "मला यायचंय. पण यांना बागेत चक्कर आली तर बघणार कोण? रात्री शुगर उतरली तर?"

मी आधीच सगळी तयारी केली होती. सांगितलं. शिंपीणबाई रोज सकाळी आठला आणि रात्री झोपण्याआधी येऊन जाईल, घराची किल्ली तिच्याकडे राहील. दोन्ही वेळा शुगरचा आकडा मी फोनवर कळवीन. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात करून घेते, दोन वर्षं टाळत आले. आणि खतं, खोरं, स्टूल यांना हात लावणार नाही.

"तुम्ही ऐकणार आहात होय!" ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी हसली.

"नाही ऐकलं तर काय होईल ते होईल. माझ्या आजारपणाची नर्स म्हणून तुला मी आणलं नव्हतं. पण तसंच ठेवून घेतलं. हे आता पुरे."

काटेवाला उगाचच भोपळ्याची चादर सारखी करत होता.

१३ ऑगस्ट, रविवार
स्पर्धा. देठ मी कापला. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे भोपळ्याचा रंग पहिल्यांदाच नीट दिसला. मला वाटत होता त्यापेक्षा कितीतरी फिका. सहा जणांनी ताडपत्रीत घालून उचलला आणि टेम्पोत ठेवला. परीक्षकाने चिरेत काडी घातली, आत गेली नाही, पास. एकशे एकावन्न किलो. पंधरा भोपळ्यांत बारावा. पहिला आलेला चारशेच्या वर होता, त्याच्यापुढे आमचा म्हणजे लिंबू.

एका बाईने विचारलं, "पहिलंच वर्ष का?" म्हटलं, हो. म्हणाली, "मग पुष्कळ आहे." मला बरं वाटलं. तिने बी मागितली. देईन म्हटलं, पण कापायचा धीर झाला की.

त्या दोघांना तंबूत शोधत होते. बाहेर बाकावर बसले होते. बंदरावरून उत्तर आलं होतं, दोघांचं घर महिनाअखेर मिळेल.

१४ ऑगस्ट
मुलाचा फोन आला. वर्षभराने. कोणीतरी कळवलं असेल. "आई, हे तू होऊ देतेयस?" म्हटलं, होऊ देणारी मी कोण? मग तो आपल्याबद्दलच बोलत राहिला, आणि मी ऐकत राहिले. माझाच मुलगा आहे. त्याच्या आवाजात सर्दी होती. वाफ घे म्हणून सांगितलं.

२८ ऑगस्ट, सोमवार
विवाह नोंदणीच्या कार्यालयात सकाळी अकराची वेळ होती. साक्षीदार म्हणून काटेवाल्याचा एक सहकारी, शिंपीणबाई आणि मी. कारकून एकेकाला नाव, वय, पत्ता विचारत फॉर्म भरत होता. माझी पाळी आली.

"नातं?"

"सासू."

"म्हणजे वराची आई." तो लिहायला लागला.

"नाही, नाही. वधूची सासू."

त्याने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, काटेवाल्याकडे बघितलं. "आजी, असं नसतं. वधूची सासू म्हणजे वराचीच आई."

"आधीची," सून म्हणाली.

"आधीची आणि आत्ताचीही," मी म्हटलं. "लिहा तुम्ही. सही मी करते."

त्याने पलीकडच्या टेबलावरच्या साहेबाला विचारलं. साहेब चष्मा वर करून म्हणाला, "खरं असेल तर लिहा." त्याने लिहिलं. मी सही केली, आणि अक्षर कापरं आलं नाही.

गाडी तीनची होती. स्टेशनवर सुनेने मला औषधांच्या वेळा पुन्हा एकदा पाठ म्हणायला लावल्या. काटेवाला वाकून नमस्कार करायला लागला तर मी म्हटलं, बॅगा सांभाळ आधी. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून ओरडून काहीतरी सांगत होती. गाडीच्या आवाजात काही कळलं नाही. मी मान हलवली.

घरी आले. दाराला कुलूप होतं. किल्ली कुठल्या कप्प्यात ठेवलीय ते आठवेना, म्हणून पर्स पायरीवर रिकामी केली. इतकी वर्षं मी कुठूनही आले तरी दार आतून उघडायचं. सापडली. दोनदा उलटी फिरवली, मग लागली.

संध्याकाळी शुगर एकशे अठ्ठावीस. कळवली.